टिकलीमासे आणि तांब्याचा हंडा

खडवलीला आमच्या शेताच्या बांधालगत एक ओहोळ होता. त्यात बोटभर लांबीचे मासे असायचे, अगदी पाण्याच्या वरच्या थरात. काठावर उभं राहून पाहिलं की प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका चमकायचा. आम्ही भावंडं त्यांना टिकलीमासे म्हणायचो. मी परकराचा झोळ करून ते धरायची, टिकल्या मोजायची आणि सोडून द्यायची. खाण्यासारखं त्यांच्या अंगावर काही नव्हतंच.

गेल्या भाऊबीजेला मी आणि माझी सून निशा खडवलीला गेलो होतो. धाकटा भाऊ नामा आम्हांला बांधावर घेऊन गेला आणि म्हणाला, "ताई, ओहोळ डोळे भरून बघून घे. पलीकडची जमीन विकली गेली. होळीपर्यंत हा बुजवणार."

मी वाकून पाहिलं. टिकल्या होत्या. साठ वर्षांनीही तशाच.

निशा म्हणाली, "आई, नेऊ या का घरी?"

नामाच्या दुधाच्या किटलीतून सहा मासे डोंबिवलीला आले.

आमच्या दिवाणखान्यात निशाची चार फुटी काचेची टाकी आहे. खाली माती, वर वाळू, त्यात पाण्यातली झाडं. निशा ठाण्याला नोकरी करते, पावणेआठला घर सोडते, पण त्याआधी दहा मिनिटं टाकीपुढे बसल्याशिवाय तिचा चहा संपत नाही. सुरुवातीला काचेवर आणि पानांवर हिरवं शेवाळ इतकं माजलं की मासे दिसेनात. माझा मुलगा केतन म्हणाला, "पालकाची भाजी लावलीस का गं?" निशाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिची पद्धत ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आठ दिवस थांबायचं, वहीत लिहायचं. आधी दिवा दहा तासांऐवजी सहा तास केला. मग मासे खातील तेवढंच खाणं द्यायला लागली. मग वर तरंगणारी झाडं सोडली. महिन्याभरात काच लख्ख झाली.

होळी झाल्यावर नामाचा फोन आला. ओहोळ बुजला होता. त्याच आठवड्यात टाकीतला एक मासा गेला. उरले पाच. ती काही पिल्लं नव्हती, त्यांचं वय होत आलं होतं. मला एकदम वाटलं, हे पाच गेले की आमच्या ओहळातलं काहीच उरणार नाही. मी निशाला म्हटलं, "पिल्लं व्हायला हवीत गं."

"होतील की, आई. तुमची लोकर द्या."

माझ्या जुन्या स्वेटरची हिरवी लोकर होती. तिचा तिने गोंडा बांधला, वर बुचाचा तुकडा लावला आणि टाकीत तरंगत सोडला. चार दिवसांनी गोंडा उचलला तर धाग्याधाग्याला मोहरीएवढी अंडी, काचेच्या मण्यांसारखी. मोठे मासे पिल्लं खाऊन टाकतात, म्हणून गोंडा एका डब्यात, टाकीतल्याच पाण्यात ठेवला. दहाव्या दिवशी भिंगातून पाहिलं तर प्रत्येक मण्यात दोन काळे डोळे! मी सोसायटीत सगळ्यांना सांगून आले. तेराव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. पंधराव्या दिवशी एकही जिवंत नव्हतं.

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला मी सोसायटीत कुणाला काही सांगितलं नाही. निशाने दिवा बदलला, खाणं बदललं, पाण्यात घालायचं औषध बदललं. वही भरत आली, पिल्लं काही वाचेनात.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघी कल्याणला विठ्ठलच्या दुकानात गेलो. हा माणूस तीस वर्षं टाकीतले मासे विकतोय. त्याने निशाची वही पानन् पान वाचली आणि विचारलं, "मॅडम, टाकीत गोगलगायी किती आहेत?"

"एकही नाही. झाडांबरोबर आलेल्या, पण मेल्या."

"झाडांची टाकी आणि गोगलगायी नाहीत? लोक माझ्याकडे त्या घालवायचं औषध मागायला येतात!" तो हसला. मग म्हणाला, "पाण्यात तांबं जातंय कुठून तरी. मोठा मासा थोडं सोसतो. गोगलगाय आणि पिल्लू नाही सोसत. घरात तांब्याचा पाइप वगैरे?"

"छे हो, सगळे प्लास्टिकचे."

"मग घरात तांब्याचं आहे काय?"

निशा विचार करत राहिली. मी दुकानातल्या लाल माशांकडे बघत राहिले.

टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं. ते भरायचं काम मी घेतलं होतं. निशाने सांगितलं होतं, "आई, बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी घाला, म्हणजे नळाच्या पाण्यातलं औषध उडून जातं." मला वाटलं, बादली कशाला? सासूबाईंचा तांब्याचा हंडा आहे ना. त्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी आमच्याकडे आधी देवाला, मग घरातल्या थोरांना. केतनला पहिलं पाणी पाजलं ते त्यातलंच. माझ्या माहेरच्या माशांना ते नको का? म्हणून हंडा दर दोन दिवसांनी चिंचेने घासून लख्ख करायचा आणि निशा घराबाहेर पडली की टाकीत दोन तांबे पाणी ओतायचं. तो तांब्याही तांब्याचाच.

निशाच्या वहीत सगळं होतं. हंडा नव्हता.

परतीच्या रिक्षात पत्री पूल मागे पडला. मग मी म्हटलं, "निशा, जरा ऐक. रागावू नकोस."

सगळं ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तीन महिने! तीन महिने मी औषधं बदलतेय, आणि तुम्ही रोज सकाळी..."

"दोन तांबे."

"वर घासून!"

"चिंचेने," मी म्हटलं. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं?

तिने तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, इतकी की रिक्षावाल्याने आरसा हलवून मागे पाहिलं. "माशांना तीर्थ पाजलंत, आई!" मग मलाही हसू आवरेना.

घरी आल्यावर तिने वहीत नवं पान उघडलं. पंधरा दिवस थोडं थोडं करून टाकीचं पाणी बदललं, बादलीतल्या पाण्याने. शिवाय टाकीवर मी पहारा केला. नवा गोंडा सोडला. या वेळी अंड्यांसाठी मी लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी काढून दिली. आतून पांढरी, त्यामुळे पिल्लू लगेच दिसतं. पिल्लांच्या पहिल्या खाण्यासाठी नामाकडून मूठभर पेंढा मागवला आणि भिजत घातला. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतात, ते पिल्लं खातात. ओहळात तरी त्यांना दुसरं काय मिळायचं?

तेराव्या दिवशी पिल्लं आली. पंधराव्या दिवशी मी उठून बरणीकडे जायला धजेना. निशाच आतून ओरडली, "आई! आहेत! सगळी आहेत!"

आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बरणीत वाकलो. पापणीच्या केसाएवढी पिल्लं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका. मी मोजायला लागले. एकवीसपर्यंत गेले, मग ती हलली, पुन्हा एकपासून. निशाने ऑफिसात कळवलं, "घरी पाहुणे आलेत, उशीर होईल."

श्रावणात नामा आला. त्याने शेतात शेततळं खणलंय, ओहोळ होता त्याच्या अलीकडेच. बरणीतली पिल्लं एव्हाना मोठी होऊन टाकीत गेली होती; तो टाकीपुढे उकिडवा बसला. मग म्हणाला, "ताई, ह्या आपल्याच टिकल्या."

"मग घेऊन जा की घरी. अर्ध्या तुझ्या."

जाळीने अकरा मासे काढले. निशा नामाची किटली धुवायला घेऊन गेली आणि दारातच थांबली. तिने किटली उलटीसुलटी करून पाहिली, नखाने वाजवली.

"मामा, ही कशाची आहे?"

"अॅल्युमिनियमची गं. का?"

"तुमच्या ताईंना विचारा," ती म्हणाली.