सहा जणांचा भात

“लपवायचे कुठी, थे सांगा पैले,” भावसिंग म्हणाला. “घरी ठेवले तं साहेबाच्या गाडीसमोरूनच बकऱ्या घेऊन निंगतीन हे पोट्टे. त्याईचा काय भरोसा?”

शाळेच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. जानेवारीतली दुपार होती आणि पलीकडच्या वावरातल्या तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या. भावसिंग शाळा समितीचा अध्यक्ष होता. त्याच्या शेजारी खुर्चीवर हेडमास्तर कमलाकर सर एक कागद घेऊन बसले होते. कागदावर सहा नावं होती.

परवा मूल्यांकनाचे साहेब येणार होते. प्रत्येक मुलापुढे एक उतारा ठेवायचा, मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि तेवढ्यात किती शब्द वाचून झाले ते लिहायचं. त्यावरून शाळेची श्रेणी ठरणार होती. श्रेणी घसरली तर सावळबर्डीची शाळा बंद करून मुलं सहा किलोमीटरवरच्या शाळेत जोडणार, असं सरांनी सांगितलं होतं. मधे सागाचं जंगल होतं. दिवाळीच्या आधी त्याच वाटेवर सरपण वेचणारा एक माणूस वाघानं नेला होता. तिसऱ्या दिवशी त्याची चप्पल आणि एक पाय सापडला. त्यामुळे श्रेणी म्हणजे काय, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

“सतरा पोरं बरोबर वाचतात,” सर म्हणाले. “ही सहा राहिली, तर सरासरी खाली येते. ही सहा नसली, तर आपण जिल्ह्यात वर येऊ.”

खिचडीच्या खोलीच्या दारातून रुक्माबाई पुढे आली. बारा वर्षांपासून तीच शाळेत भात शिजवत होती.

“सर, त्या सहात माही नात काहून हाये?”

“दिपाली? बाई, मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं. एका मिनिटात चार शब्द.”

“तिले सारं येते. मॅडमले इचारा.”

सुचित्रा मॅडम सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “येतं तिला. चौथीचं पूर्ण पुस्तक येतं. फक्त शब्द निघायला वेळ लागतो.”

“थेच तं सांगून राह्यलो ना!” भावसिंग म्हणाला. “ते पोट्टी ‘क’ म्हनेपर्यंत इथली एस्टी झरीले जाऊन वापस येते.”

माणसं हसली. एकानं मान झटकून, ओठ ताणून दिपालीची नक्कल केली. तेव्हा आणखी हसली. दिपाली ओट्याच्या खांबाला धरूनच उभी होती. तिनं खांब सोडला नाही आणि मानही खाली घातली नाही. फक्त नक्कल करणाऱ्याच्या तोंडाकडे ती लक्ष देऊन पाहत राहिली.

“रुक्माबुढे, एका दिवसाची तं गोष्ट हाये,” भावसिंग आवाज खाली आणून म्हणाला. “नाई तं उद्या तुह्याच नातीले जंगलातून जा लागन. पाह्य बाप्पा तू.”

रुक्माबाईनं पदरानं हात पुसले. “बरं,” ती म्हणाली.

मग भावसिंगनं एकेकाला शाळेच्या उंबरठ्याला हात लावायला लावला. काही झालं तरी साहेबासमोर सहा पोरांचं नाव कोणी काढायचं नाही. रुक्माबाईनंही हात लावला. आई-बापांसोबत मिरची तोडायला तेलंगणात गेली, असं त्या सहांपुढे हजेरीत लिहायचं ठरलं. गावातले लोक खरंच जातात, तेव्हा कोणाला शंका येणार नव्हती.

साहेब यायच्या दिवशी सकाळी भावसिंगचा भाऊ अमरसिंग सहाही मुलांना आपल्या वावरात घेऊन गेला. तिथं रानडुकरांपासून राखण करायला बांधलेला माळा होता. त्यावर मुलांना चढवून त्यानं खाली शिडी काढून ठेवली. शिडी काढली म्हणून धाकटा शाम रडायला लागला, तेव्हा अमरसिंग खालून म्हणाला, “रडशीन तं वाघ वास घेत येते.” शाम गप्प झाला.

रुक्माबाईनं चूल पेटवली. तिच्याजवळ स्टीलचा एक जुना पेला होता. एका मुलाला एक पेला, हे तिचं माप. तिला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि मोजायची कधी गरजही पडली नव्हती. पेला पातेल्यात रिकामा करताना ती मुलाचं नाव घ्यायची. पहिलीच्या मुलापासून सुरुवात करायची आणि चौथीत संपवायची. नावं संपली की तांदूळ पुरा झाला. बारा वर्षांत एकदाही भात उरला नव्हता आणि एकदाही कमी पडला नव्हता.

त्या दिवशीही तिनं तसंच केलं. शामचं नाव तोंडातून गेलं, पेला रिकामा झाला, हात पुन्हा पोत्यात गेला. दिपालीचं नाव सर्वांत शेवटी यायचं. ते घेतल्यावर ती थांबली. पातेल्यात तेवीस जणांचा तांदूळ पडला होता. तो पुन्हा काढून वेगळा करता आला असता. ती थोडा वेळ पातेल्याकडे पाहत बसली आणि मग तिनं पाणी ओतलं. माळ्यावर बसलं म्हणून काही भूक राहत नाही.

साहेब अकराला आले. माणूस वाईट नव्हता. मुलांशी हळू बोलत होते, पाणी मागून प्यायले. सतरा मुलं एकामागून एक त्यांच्यासमोर बसली. साहेब मोबाईलवर बोट ठेवायचे, “हं, सुरू कर” म्हणायचे, आणि मिनिट भरलं की बोट उचलायचे. मुलांनी धडाधड वाचलं. एका मुलानं तर पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य म्हणून टाकलं. तोच उतारा महिनाभर रोज घोकला होता. साहेबांनी शब्द मोजले आणि आकडा लिहिला.

“उत्तम,” ते सरांना म्हणाले. “अशी शाळा या भागात क्वचित पाहायला मिळते.”

बाराच्या पुढे रूळ वाजला. राजूरच्या खाणीतून कोणीतरी आणलेला रुळाचा तुकडा कडुनिंबाला टांगला होता, तीच शाळेची घंटा. तिचा आवाज अमरसिंगच्या वावरापर्यंत जायचा. सतरा ताटं लागली आणि सतरा मुलं जेवली. रुक्माबाईनं उरलेला भात मोठ्या डब्यात भरला, वर वरण ओतलं, डबा फडक्यात बांधून दाराआड ठेवला. अमरसिंग येऊन तो घेऊन जाणार होता.

त्याच्या आधी साहेब आले. चव पाहून नोंद करायची त्यांची पद्धत होती. दोन घास खाऊन त्यांनी “छान” म्हटलं, हात धुवायला वळले आणि पाय डब्याला लागला.

“हे काय आहे?”

साहेबांनी वाकून फडकं सोडलं. डबा काठोकाठ भरलेला होता, वाफ निघत होती.

“सर,” साहेबांनी हाक मारली. “हजर मुलं सतरा. बाकीची सहा मुलं महिनाभर गावात नाहीत, असं तुम्ही सांगितलं. मग हा पाच-सहा मुलांचा भात कोणासाठी?”

कमलाकर सरांनी डब्याकडे पाहिलं. मग रुक्माबाईकडे पाहिलं. त्यांच्या मागे भावसिंग येऊन उभा राहिला होता.

“मला याची कल्पना नाही, सर,” हेडमास्तर म्हणाले.

“बाई?”

रुक्माबाईनं उंबरठ्याकडे पाहिलं.

“घरी नेतो मी,” ती म्हणाली.

“आजच?”

“रोजच नेतो.”

“म्हणजे लेकरांच्या तोंडचं चोरता तुम्ही?”

“हाव साहेब.”

भावसिंग मोठ्या आवाजात म्हणाला, “पाहा साहेब! आमी इतका भरोसा ठेवला हिच्यावर. आमाले का मालूम?”

साहेबांना खरोखर वाईट वाटलं. इतक्या चांगल्या शाळेवर डाग नको, म्हणून शाळेच्या अहवालात हे लिहिणार नाही, असं ते म्हणाले. मात्र बाईला आजपासून काढायचं आणि चोरीची कबुली तिच्या अंगठ्यानिशी लिहून घ्यायची. सरांनी ओट्यावर टेबल मांडलं. सुचित्रा मॅडमना लिहायला सांगितलं. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या. मग पेन चालत नाही म्हणाल्या. सरांनी आपलं पेन दिलं.

तिकडे डबा घ्यायला आलेला अमरसिंग कुंपणापासूनच परत फिरला होता. माळ्याखाली जाऊन तो म्हणाला, “आज उपाशी राहा लागते बावा. दिपाली व, तुही आजी भात चोरताना सापडली. साहेब लिहून घेऊन राह्यला.”

दिपालीनं शिडी मागितली नाही. माळ्यावरून तिनं उडी मारली.

ती शाळेत पोचली, तेव्हा रुक्माबाईचा अंगठा शाईत होता. मुलीच्या ढोपरातून रक्त येत होतं. केसांत तुरीचा पाला होता. ती सरळ टेबलासमोर गेली.

“आ,” ती म्हणाली. “आ... आ...”

“काय झालं बाळ?” साहेब म्हणाले. “ही कोण?”

दिपालीनं डब्याकडे बोट केलं. तिच्या मानेची शीर फुगली होती, डोळे मिटले होते. “आम... आम...”

“बोल, बोल. घाबरू नको.” साहेबांनी सवयीनं मोबाईलकडे पाहिलं. त्यांना तीनपर्यंत पुढच्या गावी पोचायचं होतं.

सुचित्रा मॅडमनी तोंड उघडलं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मॅडम पुन्हा कागदावर वाकल्या.

दिपालीचे ओठ जुळले. शब्द अगदी दाताशी आला होता. रुक्माबाईला तो दिसत होता, कारण दहा वर्षं तिनं या तोंडातून शब्द निघायची वाट पाहिली होती. आणखी दोन श्वास, की निघाला असता. मग शाळा गेली असती. मग जंगलातली ती वाट.

“साहेब, माही नात हाये,” रुक्माबाई म्हणाली. “मुकी हाये ते. शाळेतली नाई. उगीच आवाज करते.”

दिपालीनं डोळे उघडले.

“अरेरे,” साहेब म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. हिला दाखवून घ्या कुठेतरी.” मग रुक्माबाईनं अंगठा उमटवला, साहेबांनी खाली सही केली आणि ते गाडीत बसले.

गाडी कडुनिंबाला वळसा घालून गेली. धूळ उडाली, ती खाली बसत आली. तेव्हा दिपालीच्या तोंडातून वाक्य निघालं, सबंध, एकही अक्षर न सांडता.

“आमच्यासाठी होता थो भात.”

“झालं आता,” भावसिंग म्हणाला. “जा घरी.”

फेब्रुवारीत निकाल आला. सावळबर्डीची शाळा तालुक्यात पहिली आली होती. भिंतीवर निळ्या रंगात तसं लिहून घेतलं. कमलाकर सरांचा झरीला सत्कार झाला, आणि त्यांनी भाषणात गावकऱ्यांच्या एकजुटीचे आभार मानले. भावसिंगची भावजय भात शिजवायला लागली. विहिरीवर बाया रुक्माबाईचा हंडा आपल्या हंड्याजवळ ठेवू देत नव्हत्या. खरं काय ते त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण गावात एक चोर लागत होता आणि तिनं तसा अंगठा दिला होता.

सहा मुलं शाळेत बसत होती. पण कागदावर ती अजून तेलंगणात होती. एप्रिलपर्यंत कागद बदलता येणार नाही, असं सर म्हणाले. भावजयीनं पहिल्या दिवशी विचारलं, “किती जनाचा टाकू?” सर म्हणाले, “सतरा.” सहा जणांना मग पातेलं खरवडून जे निघेल ते मिळायचं. कधी निघायचं नाही.

तिसऱ्या दिवसापासून रुक्माबाईनं आपल्या घरची चूल दुपारी पेटवायला सुरुवात केली. रेशनचा तांदूळ होता, तोच पेला होता. रूळ वाजला की सहाही मुलं मागच्या वाटेनं तिच्या अंगणात येऊन बसायची.

“शाम,” ती म्हणाली आणि पेला रिकामा केला. एक एक करून पाच नावं झाली. पाच पोरांनी “हाव” म्हटलं.

सहावा पेला भरून ती थांबली. दिपाली चुलीजवळ बसली होती. साहेब येऊन गेले त्या दिवसापासून ती कोणाशी बोलली नव्हती. ना शाळेत, ना घरी.

“हे माप कोनाचं व माय?” रुक्माबाईनं विचारलं. “तूच सांग. लागू दे किती बी येळ.”

पाणी उकळायला लागलं. रुक्माबाई पेला हातात धरून वाट पाहत होती. इथं घड्याळ घेऊन कोणी बसलं नव्हतं.

दिपालीनं आजीकडे पाहिलं. मग आपला तळहात तोंडावर ठेवला आणि मान हलवली. मुकी.

रुक्माबाईनं सहावा पेला नाव न घेता पातेल्यात ओतला.