गोडबाव

"चार फूट पाणी आहे की!" विहिरीत सोडलेली टेप वर ओढत कंपनीचा साहेब म्हणाला.

नीराबाईच्या ओठांवरचा धवला तुटला. चाळीस वर्षं ती या खाडीकाठच्या लग्नांत धवले गात आली होती. बाकी विहिरी खाऱ्या. हळदीचं पाणी डोंगरापायथ्याच्या या गोडबावीचंच. पहिली कळशी तिच्या गाण्यावर वर यायची:

*गोडबावी गो बाये, पदर तुझा सोड,*
*नवरीच्या हलदीला पानी दे गोड.*

डोंगराखाली बोगद्याचे सुरुंग फुटू लागले आणि वर्षभरात बावीचा तळ दिसला. बाव कोरडी ठरली, तरच कंपनी गावाला नळ देणार होती. आज त्याचीच मोजणी.

"सायेब, त्ये टँकरचं पानी हाय. दयाराम, सांग ना रं!"

नवरीचा बाप मान खाली घालून उभा होता. "हेमालीची हलद, काकी. पोरीला कोरड्या बावीवर कशी आनू? सकालीच टँकर वतला. मोजनी आजच हाय, मना काय ठावं!"

"पाण्यावर टँकरचा नंबर नसतो, आजी," साहेब हसला. "दिसलं ते लिहिणार."

"डोंगराखाली सुरुंग लावलास, तवा कुनाला इचारलंस? आनि आता आलास टेप घेऊन, मेल्याची नाडी बघाया! बस हितंच. तळ दावते तुला." तिनं पदर खोचला. "उपसा गो बायांनो!"

हळदीला नटलेल्या बायांनी पाच दोर सोडले. हंडे भरले, पिंपं भरली, उरलेलं केळींना गेलं. नव्या साड्या चिखलानं माखल्या. हेमालीही दोराला लागली.

"गो, नवरी तू!" कुणीतरी ओरडलं.

"नवरी हाय, पाव्हनी न्हाय," ती म्हणाली.

दुपारी कळशी खडकावर ठणकली. पण साहेबाची गाडी कधीच गेली होती, वहीत चार फूट घेऊन.

संध्याकाळी मांडवात नीराबाईनं पिंपातल्या टँकरच्या पाण्यात हळद कालवली आणि धवला धरला. बावीचं नाव आलं तशी ती थांबली. बायाही थांबल्या. तिनं त्या नावापुरती जागा रिकामी सोडली आणि पुढची ओळ उचलली.