रंगखाना गप्प झाला तेव्हा

देशात सलग तिसऱ्या वर्षी पाण्याची बोंब उठली, तेव्हा आमच्या दूधवाल्याचं दूध पहिल्यांदा निर्भेळ झालं. पाणी घालणार तरी कुठून? न्हावी कोरडी दाढी करायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलं की खाली वाटी धरायचा. खोटं वाटत असेल तर निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं पुरेसं आहे.

सरकार म्हणे, दोष आभाळाचा. आभाळाला बिचाऱ्याला वकील नव्हता. वरच्या अंगाला तहानलेल्या पिकांनी नदी पिऊन टाकलेली, खालच्या अंगाला बोअर मारून मारून जमिनीची चाळण झालेली, त्यावर कुणी चकार शब्द काढेना. कापड रंगवायला पाणी नाही म्हणून परदेशी ऑर्डरी गेल्या, त्यांच्यामागून ट्रकवाले गेले, मग खानावळी ओस पडल्या. शेवटी आमचा रंगखानाच बंद झाला. चारशे माणसं घरी बसली, त्यांत तिथली मुकादम, म्हणजे माझी थोरली बहीण. यंत्रं खोलून शनिवारी शेजारच्या देशात जायची होती. ती एकदा गेली की मग पूर आला तरी काय चाटायचाय?

शुक्रवारी दुपारी ताई दारात बसून होती. भाऊजी पाणीखात्यात गळती शोधायचे. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि जमिनीखालचा नळ ऐकायचा. मुंगीला ठसका लागला तर ती कुठल्या बिळातली ते सांगत. फक्त रंगखान्याच्या रस्त्यावर त्यांची मात्रा चालत नसे. यंत्रं तिन्ही पाळ्यांत धडधडायची, सळईत दुसरं काही शिरायचंच नाही.

"अहो," ताई एकदम म्हणाली, "आता तर तिथं चिडीचूप आहे. आता लावा की कान!"

"अरेच्चा! हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं?"

"कानांनी जागा ठेवलीय कुठं डोक्याला?"

आम्ही गेलो. रस्त्यावर टँकरची रांग, हंड्यांची भांडणं, इंजिनाची घरघर. ताईनं मुकादमी आवाज लावला, "दहा मिनिटं सगळे गप्प! ए टँकरवाल्या, इंजिन बंद!"

"बाई, पुन्हा चालू नाही व्हायचं ते!"

"चारशे माणसं ढकलतील. रिकामीच आहेत."

रस्ता शांत झाला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "मेव्हणेबुवा, तुम्हीसुद्धा."

"मी कुठं काय बोललो?"

"तेच बोलताय."

दहा मिनिटं तोंड मिटून होतो. पुढे आठ दिवस जबडा सुजलेला होता.

फाटकापाशी काही नाही. कोपऱ्यावर काही नाही. मागच्या भिंतीशी मात्र भाऊजी सळईला चिकटूनच राहिले. "खाली ओढा वाहतोय," ते पुटपुटले.

पाणीखात्याचे साहेब नकाशा घेऊन धावत आले. "इथं नळच नाही. आणि रस्ता खोदायला वरून परवानगी लागते. सोमवारी अर्ज द्या."

"सोमवारी अर्ज देऊन काय करू? यंत्रं उद्याच निघालीत!" ताई म्हणाली. "खड्डा कोरडा निघाला तर मला बेड्या घाला."

साहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनी पाठ फिरवली. "मला काही दिसत नाहीये," ते म्हणाले आणि नकाशा उघडून उभे राहिले.

ताईची हाक गेली आणि घरी बसलेल्या चारशे माणसांनी येऊन कुदळी मारल्या. छातीइतक्या खोलीवर कमरेएवढा जाड जुना नळ लागला. रंगखाना वाढवताना नवा नळ टाकला आणि जुना लाकडी बूच मारून तसाच सोडला. बूच कुजून गेलेलं. गावाच्या वाट्याचं निम्मं पाणी वर्षानुवर्षं गुपचूप नाल्यात चाललेलं! साहेबांनी स्वतः पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि भाऊजींनी नळाच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवलं.

शनिवारी सकाळी रंगखान्याची टाकी भरली. मालकानं आत डोकावून पाहिलं, तरी त्याच्या कपाळावरची आठी हलेना. "आजचं भागलं. पुढच्या उन्हाळ्याचं काय?"

"आधी फिके रंग घ्यायचे, मग गडद. मध्ये हौद धुवायचा नाही," ताई म्हणाली. "आणि शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला. निम्म्या पाण्यात काम होतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"पाणी फुकट होतं तेव्हा ऐकून कोण घेत होतं?"

मालक हसला. त्यानं ट्रक परत पाठवले. पुढे साहेबांनी राजधानीला पत्र लिहिलं आणि गावोगावी सळया रस्त्याला टेकू लागल्या. भाऊजींना तर चार खात्यांची बोलावणी आली.

त्या सकाळी ताईला या पुढच्या गोष्टींतलं काहीच ठाऊक नव्हतं. ती पदर खोचून आत उभी होती आणि काल सकाळी बोल्ट ढिले करून गेलेल्या फिटरांना झापत होती, "खोलताना बरे हात चालत होते! आवळा आता, आवळा!"