रांगेतली केशरी घागर

मी रांगेतली केशरी घागर बोलतेय. प्लास्टिकची आहे म्हणून नाक मुरडू नका. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मला पितळेच्या हंड्याहून जास्त मान होता.

गंजगोलाईच्या बाजारातून मला रुद्राणीनं आणलं. आणल्या आणल्या गळ्यात काळा दोरा बांधला, कुणी उचलू नये म्हणून. पोरगी बारावीची, हुशार, पण भारी फटकळ. एकदा शेजारणीनं कळशीभर पाणी दिलं आणि गल्लीभर सांगत सुटली. तेव्हापासून रुद्राणीनं मनाशी गाठच मारली, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

लातूर जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली, घरोघरी नळ आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. टँकरचा नेम नसे, म्हणून माणसांऐवजी आम्हा घागरींचीच रांग लागे. रांग हलली की ज्यानं त्यानं आपली घागर पुढं सरकवायची. नाही सरकवली तर मागचे पुढं जात. रुद्राणी मला ठेवून क्लासला पळायची, तरी मी कधी मागं पडले नाही. तिला वाटायचं, काळ्या दोऱ्याचा धाक आहे.

धाक कसला! बैलांसाठी नावाजलेल्या देवणीहून शिकायला आलेला मल्लिकार्जुन गल्लीतच खोली करून राहायचा. आपला कॅन सरकवला की तो मलाही सरकवायचा, खरचटू नये इतक्या हलक्या हातानं. रुद्राणी आली की कानापर्यंत लाल व्हायचा. तीही माझा दोरा उगीच सोडून पुन्हा बांधत तिथंच रेंगाळायची. दोघांचं एकमेकांवर मन बसलं होतं, हे रांगेतल्या घागरींनाही कळत होतं.

एक दिवस क्लास लवकर सुटला. ती आली तेव्हा मी त्याच्या हातात होते.

"काय करायलास रे? माझी घागर मागं टाकतूस?"

"न्हाई, मी तर..."

"गप! देवणीचा बैल! पाणी चोरायला आलास व्हय लातूरला?"

सगळी रांग हसली. मल्लिकार्जुननं मला खाली ठेवलं, रिकामा कॅन उचलला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो पलीकडच्या गल्लीत पाण्याला जाऊ लागला आणि मी मागं पडू लागले.

रुद्राणी रांगेत भांडायला उठली तेव्हा म्हाताऱ्या नागुबाई म्हणाल्या, "आगं, रोज तुझी घागर त्योच सरकवायचा. तूच हाकलून दिलंस की त्याला."

रुद्राणीनं भांडण तिथंच सोडलं.

परीक्षा संपली आणि मल्लिकार्जुन गावाकडं निघाल्याचं कळलं. तिनं घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी माझ्यात ओतलं, मला कमरेवर घेतलं आणि त्याच्या खोलीकडं निघाली. वाटभर पुटपुटत होती, "चुकलं माझं. जाऊ नको."

तो वळकटी बांधत होता. तिनं मला उंबऱ्यात ठेवलं.

"पाणी हाय," ती म्हणाली.

त्यानं एक पेला भरून घेतला, सावकाश प्यायला आणि तिच्याकडं बघत उभा राहिला. बोल ना गं, बाई, बोल!

"झालं का? घागर लागती मला."

"ने की," तो म्हणाला. "उरलेलं घरी लागंल तुमाला."

येताना ती अशी चालली की अर्धं पाणी रस्त्यावर सांडलं. थेंबाथेंबाला जपणारी पोरगी, पण तिनं खाली बघितलंही नाही.

आता माझ्या बुडाला चीर गेली आहे. मी गच्चीवर भिंतीशी पडून असते. रुद्राणी कॉलेजातून सुट्टीला येते, वाळलेले कपडे काढते आणि जाता जाता मला हातानं थोडं पुढं सरकवते. पुढं ना रांग आहे ना टँकर. दोरा मात्र अजून गळ्यात आहे.

मल्लिकार्जुन, तू देवणीला असशील की आणखी कुठं, कोण जाणे. एवढंच सांगायचं होतं रे तुला. त्या दिवशी ती घागर न्यायला आली नव्हती.