तीन पंप आणि यवतेश्वरचा घाट

मित्रांनो, कराडला चांदसाहेब मिस्त्रींच्या गॅरेजात मागच्या भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या डब्याशेजारी तळहाताएवढी एक काळवंडलेली वस्तू पडलेली दिसेल. ती मी. मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर तुम्हाला रस्त्याकडेचा, मोटारीत पेट्रोल भरणारा पंप आठवेल. तो मी नव्हे. मोटारीच्या मागच्या टाकीतले पेट्रोल ओढून पुढच्या इंजिनाला पाजणे, हे माझे काम होते. ते माझ्याकडून काढून घेतले, आणि ज्या कारणासाठी घेतले ते कारण खोटे होते.

माझी रचना साधी आहे. पोटात रबरी कापडाचा पडदा, त्याला एक स्प्रिंग, वर दोन झडपा आणि बारीक जाळी. बाजूने निघालेली दांडी इंजिनात जाते. इंजिन फिरले की दांडी हलते, पडदा खालीवर होतो आणि पेट्रोल येते. इंजिन थांबले की मी थांबतो. मला बॅटरी लागत नाही. एक दोष आहे, तो लपवत नाही. मी इंजिनाला चिकटून बसतो, म्हणून लांब चढावर तापतो. फार तापलो की पेट्रोलची माझ्या पोटातच वाफ होते, आणि वाफ मला ओढता येत नाही. म्हणून त्या काळी घाटात बॉनेट उघडून आमच्यासारख्यांवर ओले फडके टाकायची पद्धत होती.

मी उंब्रजजवळच्या बाळासोच्या जुन्या फियाटमध्ये होतो. बाळासो पलटणीत गाड्या चालवून घरी आलेला. त्याचे वडील लालासाहेब, म्हणजे आबा, यांचा ऊस होता आणि स्वतःचे गुऱ्हाळ होते. साताऱ्यातल्या काही हौशी मोटारवाल्यांनी यवतेश्वरच्या घाटात चढाईची शर्यत सुरू केली, तेव्हा बाळासोने पहिल्याच वर्षी नाव दिले. आमचा दुसरा नंबर आला. वर पोचल्यावर चांदसाहेबांनी बॉनेट उघडून माझ्यावर हात ठेवला. "तापलाय, पण दम सोडला न्हाई गड्यानं," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातले कौतुक एवढेच.

पुढच्या वर्षी पहिला नंबर हवा म्हणून चांदसाहेबांनी इंजिनाला एकाऐवजी दोन कार्बुरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळून इंजिनात सोडणारी भांडी, बसवले. इंजिनाची तहान वाढली. नेमके त्याच सुमारास पेट्रोल भडकले. चौऱ्याहत्तर साल होते ते. आबा वैतागले.

"मोटारीत ऊस भरता येत न्हाई, वैरण आणता येत न्हाई," ते अंगणात म्हणाले. "यंदा पैला नंबर आण, मग ठेव. न्हाईतर इकून टाकायची. मी दुसऱ्यांदा सांगनार न्हाई."

बाळासो मान खाली घालून "व्हय आबा" म्हणाला. गाडीवर त्याचा किती जीव होता, हे रोज सकाळी तिची काच पुसणारा त्याचा हात सांगत असे.

तरीही आबांनी मुलासाठी पेट्रोलची साठवण केली. गुऱ्हाळात काकवीचे रिकामे पत्र्याचे डबे पडलेले होते. त्यांत पेट्रोल भरायचे ठरले. बाळासोने बजावले, "आबा, पेट्रोलात पाण्याचा थेंब जाता कामा नये. पलटणीत त्यापायी गाड्या बंद पडलेल्या बघितल्यात." आबांनी ते इतके मनावर घेतले की डबे धुतलेच नाहीत. धुतले तर पाणी राहील! रात्रभर पालथे घातले, आणि तळाला चिकटलेली काकवी पेट्रोल धुऊन काढील असे धरून चालले.

मित्रांनो, काकवी पाण्यात विरघळते. पेट्रोलात विरघळत नाही. घट्ट गोळे होऊन ती डब्यांतून आमच्या टाकीत आली आणि तळाशी बसली. सपाट रस्त्यावर ती एका बाजूला पडून राही. गाडीचे तोंड चढाला लागले की गोळे मागे सरकत आणि पेट्रोल ओढायच्या नळीच्या तोंडाशी येऊन बसत. गाडी थांबली, ओढ संपली, की आपोआप बाजूला होत. हे मला पहिल्याच सरावात कळले. मला ते कोणाला सांगता आले नाही, आणि टाकीत कोणी डोकावले नाही.

त्या सरावात तिसऱ्या वळणावर इंजिन घुटमळले आणि बंद पडले. माझ्यावर ओले फडके आले. मी तापलोच नव्हतो! गार पंपाला गार करून गाडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की दोष माझाच.

मग पुण्याच्या जुन्या बाजारातून विजेवर चालणारा पंप आला. मला काढून त्याला मागे टाकीजवळ बसवले. त्याच्याबद्दल मी आकसाने बोलणार नाही. तो इंजिनापासून लांब असल्याने तापत नाही, आणि ओढण्याऐवजी ढकलत असल्याने वाफेची भीती कमी. पण त्याचा जोर इतका की कार्बुरेटर भरून वाहू लागले आणि गाडीला पेट्रोलचा वास सुटला. जोर कमी करायला आणखी एक वस्तू बसवावी लागली. शिवाय तो बॅटरीवर जगतो, इंजिन बंद पडले तरी टिकटिक करत पेट्रोल सोडत राहतो. तोही तिसऱ्या वळणावर हरला.

चांदसाहेबांनी तिसरी मांडणी केली. मागे तो, पुढे मी. त्याने ढकलायचे, मी ओढायचे. चांगली मांडणी होती ती. पण गाडी तिथेच थांबली.

"म्हाताऱ्याचा पडदा गेलाय," चांदसाहेब म्हणाले. "ह्योच आडवा येतोय. काढतो."

"आवं चांदभाई, गेल्या साली ह्यानंच वर न्हेली की," बाळासो म्हणाला.

"गेल्या साली माझं गुडघं बी चांगलं हुतं," चांदसाहेब म्हणाले, आणि पाना हातात घेतला.

माझ्या जागी आणखी एक विजेचा पंप आला. मला हत्यारांच्या पिशवीत घालून डिकीत टाकले, टाकीला अगदी खेटून. शर्यतीच्या दिवशी मी तिथूनच ऐकत होतो. गाडी सुरुवातीला सुरेख पळाली. मग चढ वाढला, टाकीत गोळे सरकले आणि दोन्ही पंपांची टिकटिक वेडीवाकडी झाली. रिकामी नळी ओढणाऱ्या पंपाचा आवाज असाच होतो. गाडी थांबली. कठड्यावर बसलेली पोरे ओरडली, "बैल जुपा रं, बैल!"

आठवड्याभरात आबांनी पलूसच्या आकारामला गाडी विकली. गॅरेजपुढे नारळ फुटला, खोबरे वाटून झाले. मग आबांना आठवले.

"गाडी दिली, पेट्रोल दिल्यालं न्हाई. टाकी मोकळी करा."

"आबा, हाय तरी केवढं?" आकाराम हसला.

"केवढं का असंना, माझं हाय."

चांदसाहेबांनी टाकी सोडवली आणि वाकडी केली. आधी पेट्रोल आले. मग घट्ट, तांबूस काहीतरी लोंबकळत बाहेर आले. आबांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि ते खाली बसले.

"काकवी हाय," ते हळूच म्हणाले. "आपलीच."

"डबं धुतलं न्हवतं?" चांदसाहेबांनी विचारले.

आबांनी बाळासोकडे बोट केले. "ह्योच म्हनला, पानी लागू देऊ नगा."

बाळासो आकारामकडे वळला. "पाव्हणं, सौदा मोडता का?"

आकाराम चुळबुळला. पण उत्तर आबांनी दिले. "नारळ फुटलाय, बाळासो. आता गाडी त्यांची."

बाळासोने टाकी उचलली. नळावर नेऊन ती गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात वाळवली, स्वतःच्या हाताने बसवली आणि किल्ली आकारामच्या हातात दिली. फियाट विजेच्या पंपांसह पलूसला गेली.

चांदसाहेबांनी मला पिशवीतून काढले. माझ्या नळीवर अंगठा ठेवून दांडी दाबली. मी त्यांचा अंगठा घट्ट ओढून धरला.

"चांगला हाय की रं ह्यो," ते म्हणाले, आणि त्यांनी मला या फळीवर ठेवले.

आता माझा पडदा वाळत चालला आहे. पेट्रोल न मिळालेले रबर असेच तडकते. मित्रांनो, तुमच्या घरात शिलाईचे यंत्र अडेल, सायकल अडेल, कंदील विझेल. नवा भाग खुशाल आणा. पण जो जुना उपाशी होता त्याला मोडका ठरवण्याआधी, त्याला जिथून खायला मिळते ते भांडे एकदा उघडून बघा.