दहा बोटांचा आळस

आधीच कबूल करतो, मला हात काढता येत नाहीत. माणसाचं बाकी सगळं जमतं. नाक, ढेरी, टक्कल, चोरून बघणारे डोळे, म्हणाल ते दोन मिनिटांत. पण हात काढायला घेतला की त्याचा कधी खराटा होतो, कधी केळ्यांची फणी. म्हणून माझ्या वेबकॉमिकमधले मास्तर कायम हात पाठीमागे बांधून उभे असतात आणि त्यांच्या शेजारी एक बदक असतं. बदकाला पंख. दोन रेघा ओढल्या की सुटलो.

मास्तर म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, दादा. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं त्याने. त्यातली चार वर्षं मी त्याच्या वर्गात होतो, आणि ती चार बाकीच्या एकतीसपेक्षा लांब होती असं तो लोकांना सांगायचा. त्याची सायकल शिक्षकांच्या खोलीच्या छपरावर चढवणारा मी. वर्गातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे करून अख्खी शाळा लवकर सोडवणारा मी. तो मला नावाने कधी हाक मारायचाच नाही, 'उचापत्या' म्हणायचा. कॉमिकमध्ये या सगळ्या उचापती बदक करतं. म्हणजे बदक हा मीच, फक्त दहा बोटं वाचवलेला.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसतो. काच फ्रेमच्या मापात घासणारं मशीन तिथे आहे, एका काचेला त्याला चार मिनिटं लागतात. चार मिनिटांत माझं एक नाक होतं. दुपारी दुकान दीड ते तीन बंद, तेवढ्यात दोन चौकटी. असं करत दर शुक्रवारी सकाळी दहाला चार चौकटींचा एक भाग नेटवर चढवायचा.

मालकीणबाई म्हणायच्या, "एवढ्या मनापासून काचा घासल्या असत्यास तर गिऱ्हाइकांना दोनदा खेपा पडल्या नसत्या."

"बाई, दुसरी खेप ते तुम्हाला बघायला घालतात."

"तोंड बघ मेल्याचं," म्हणायच्या आणि पुढे जाऊन आरशात केस नीट करायच्या.

वाचक साडेतीनशे. त्यातला पहिला दादा. वरून नाराज. "माझी अब्रू चव्हाट्यावर टांगतोस," म्हणायचा, पण शुक्रवारी दहा वाजून चार मिनिटांनी फोन आलाच म्हणून समजा. "उचापत्या, तिसऱ्या चौकटीत घड्याळात साडेनऊ वाजलेत आणि खाली लिहिलंयस पावणेदहा. पंधरा मिनिटं कुठे गेली?"

"बदकाने खाल्ली."

"ठेवून देईन एक," म्हणायचा आणि हसताना खोकायचा.

मग तो विसरायला लागला. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तेव्हा मला काय झालं म्हणून सांगू, आनंद झाला! आयता विषय. बदक फ्रिज उघडतं, आत चष्मा, काचांवर दव, मास्तर म्हणतात, "अरे, मला वाटलं बाहेरच धुकं आहे." लोक खूश. त्या एका भागाने माझे चाळीस वाचक वाढले. फक्त वहिनीचा फोन आला नाही. दुसऱ्या महिन्यात आला तो दवाखान्यातून.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या. हे वाढत जाणार, म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही. "जे रोज डोळ्यांखालून जातं ते जरा जास्त दिवस टिकतं. फोटो दाखवत जा, त्यांच्या आवडीचं काही वाचू द्या."

फोटो दादाला आवडत नव्हते. फोटोंतले लोक काही करत नाहीत, नुसते बघत बसतात, असं म्हणायचा. आवडीचं एकच होतं. वहिनीने मोठ्या टॅबवर माझं कॉमिक लावून दिलं आणि दादा सकाळी चहा झाला की पहिल्या भागापासून सुरू करायचा. तेव्हा दोनशे बारा भाग झाले होते. संध्याकाळपर्यंत पुरायचे. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून, परत तेवढंच हसू. मी दुकानात सांगत सुटलो, असा वाचक कुणाला मिळतो का!

एका रविवारी त्याच्याकडे गेलो तर समोरचे निवृत्त पोस्टमन काका येऊन बसलेले. दादा त्यांना सायकलीची गोष्ट सांगत होता. "छपरावर! आणि वर कॅरिअरला माझाच डबा अडकवलेला. कुणाचं काम? त्या बदकाचं."

मी टाळीच वाजवली. वाटलं, वा दादा, साठीनंतर का होईना, शिकलास! माझीच फिरकी माझ्यावर. काकाही हसले. दादा मात्र हसत नव्हता. काकांना समजावून सांगत होता, की बदक शिडीवरून कसं चढलं.

काका गेल्यावर मी म्हटलं, "दादा, बदक काय? सायकल मी चढवली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, सौम्यपणे. शाळेत भेटायला आलेल्या पालकांकडे बघायचा तसं. "तुम्ही तेव्हा होतात तिथे?"

तुम्ही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे गेलो तर हळू आवाजात म्हणाली, "भावजी, मलाही आठवडाभर 'तुम्ही'च म्हणतायत. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

मग आम्ही दोघांनी ओट्याशी उभं राहून हिशेब लावला. कॉमिकमध्ये जे आहे ते दादाच्या डोक्यात आहे. शाळा आहे, सायकल आहे, घड्याळ, खडू, मुख्याध्यापकांची शिंक, सगळं आहे. जे नाही ते पुसत चाललंय. आणि कॉमिकमध्ये मी नाही. एकाही चौकटीत नाही.

"मी आहे," वहिनी म्हणाली. "एकशे सहाव्या भागात. पाठमोरी."

तेही खरं. ती कपडे वाळत घालत होती, आणि समोरून काढली असती तर हात आले असते.

"बत्तीस वर्षांत एकदा आले, ती पण पाठमोरी," म्हणाली, आणि हसायला गेली, पण जमलं नाही.

मला आयुष्यात भीती वाटली ती दोनदाच. एकदा लिफ्टमध्ये अडकलो होतो तेव्हा, आणि त्या दिवशी ओट्याशी. दादाच्या डोक्यातून मी निघालो होतो, आणि दार माझ्याच हाताने बंद केलेलं.

पण मी असा गप्प बसणारा नाही. विचार केला, भाग माझे, कॉमिक माझं, कोण अडवतंय? जुने भाग पुसून नवे काढायचे. बदकाच्या जागी मी. पाठमोऱ्या वहिनीला समोर फिरवायचं. दादा रोज वाचतोच आहे, वाचता वाचता आम्ही दोघं आत शिरू.

हात शिकायला बसलो. मालकीणबाईंना म्हटलं, "बाई, जरा फ्रेम धरल्यासारखा हात धरा."

"किती वेळ?"

"मशीन थांबेपर्यंत."

त्यांनी धरला. काय झालंय ते त्यांना सांगितलं होतं, म्हणून एक टोमणासुद्धा मारला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. चार मिनिटांत अंगठा आणि एक करंगळी. पूर्वी त्याच वेळात पूर्ण नाक व्हायचं. एक जुना भाग नीट बदलायला मला चार-पाच दिवस लागत होते. दोनशे बारा भाग. दादाचं गणित नसलं तरी एवढं मलाही येतं. मी सगळे बदलून होईपर्यंत वाचायला कोण असणार होतं?

तरी दीड महिन्यात नऊ केले. सायकलीचा पहिला. छपरावर मी, आत्ता दिसतो तसा टकला, शिडीला दोन्ही हातांनी धरून. घड्याळाचा दुसरा. एकशे सहावा निवांत बसून केला. वहिनी समोरून, चिमटे तोंडात धरलेले, दोरीवर दादाचा शर्ट. हात बरे आले होते हो! नऊच्या नऊ एका गुरुवारी चढवले आणि शुक्रवारी काचा घासत वाट बघत बसलो.

दहा वाजून चार मिनिटांनी फोन नाही आला, कॉमेंट आली. दादाच्या खात्यावरून, पहिल्यांदाच. टॅबवर लिहायचं त्याला अजून जमत होतं.

'चित्रे बिघडली आहेत. शिडीवरील अनोळखी इसमाच्या उजव्या हाताला सहा बोटे आहेत. मोजून घ्या. बदक परत आणा. गुण : दहापैकी दोन.'

मोजली. सहाच होती. मी मशीनसमोर बसून खो खो हसलो. मालकीणबाई आत डोकावल्या आणि तशाच माघारी गेल्या, कारण मी हसता हसता काय करत होतो ते त्यांना दिसलं.

खाली बाकीच्या वाचकांनीही मास्तरांचीच री ओढली. बदक कुठे गेलं, हा टकल्या कोण, मजा गेली. एकाने लिहिलं, 'या माणसात काही दम नाही.' म्हटलं, बरोबर बोललास बाबा.

संध्याकाळी गेलो तर दादा सोफ्यावर टॅब उपडा ठेवून बसलेला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वहिनी म्हणाली, सारखं तेच विचारतायत, कुणी मारलं त्याला?

मी त्याच्यासमोर खाली बसलो. "दादा, ऐक. बदक नव्हतंच कधी. मी होतो. सायकल मी चढवली, घड्याळ मी फिरवलं, तुझ्या खडूंच्या डब्यात पेपरमिंट मी भरले. उचापत्या. मी."

आयुष्यभर माझ्याकडून एक कबुली निघाली नव्हती. छड्या खाल्ल्या, ओणवा उभा राहिलो, पण कबूल केलं नाही. आणि आता सगळं एका दमात ओकून टाकलं, तर तो म्हणतो कसा, "तुम्ही सज्जन दिसता. दुसऱ्याची कामं आपल्या नावावर खपवू नये."

"दादा, आईशप्पथ मीच—"

"शपथा घेऊ नका. मी मुलांना शिकवलंय, खोटं बोलणारा मला लगेच कळतो." आणि त्याचे डोळे भरून आले. "फार गुणी होतं हो ते. वात्रट होतं, पण फार गुणी."

माझ्यावर इतकं चांगलं तो माझ्या तोंडावर कधी बोलला नव्हता. मी तिथेच फोन काढला आणि जुने नऊच्या नऊ भाग परत जागेवर लावले. वहिनी बघत होती. एकशे सहाव्याला माझा अंगठा थांबला.

"लावा," म्हणाली. "जेवू दे त्यांना."

दादा जेवला. वाचता वाचता जेवला.

भांडी घासताना वहिनी म्हणाली, "भावजी, जुनं नाही बदलत ना? मग नवं काढा. बदक असू दे त्यात. मला त्याच्या शेजारी उभं करा. समोरून."

"काय काढू?"

"आमचं लग्न."

लग्न त्यांचं सरकारी कचेरीत झालं होतं, दहा मिनिटांत. दादा, वहिनी, एक जांभया देणारा कारकून, आणि दादाच्या बाजूने सही करायला साक्षीदार म्हणून मी. बाकीच्या दोन साक्षीदार वहिनीच्या मैत्रिणी, त्या कचेरीचा जिना चुकल्या आणि उशिरा आल्या. वहिनी भांडं हातात तसंच धरून सांगत होती आणि मी कपाटाला टेकून कच्च्या रेघा मारत होतो. कारकुनाचं टेबल, तिचा हिरवा स्वेटर, दादाची वाकडी कॉलर.

"इथे तुम्ही वाकून सही करताय," म्हणाली, आणि थांबली.

"बदक करेल," मी म्हटलं.

आठवडाभर तेवढंच काम केलं. दोन गिऱ्हाइकांच्या काचा उलट्या बसल्या. वहिनीचे हात मी सहा वेळा पुसून काढले, बोटं दरवेळी मोजली. बदकाला चोचीत पेन दिलं आणि रजिस्टरवर वाकवलं.

शुक्रवारी दुकानात रजा टाकून दहाच्या आत दादाकडे गेलो. तो सोफ्यावर, वहिनी शेजारी, मी पलीकडच्या खुर्चीत, मीटर बघायला आलेल्या माणसासारखा. त्याने भाग उघडला. पहिली चौकट बराच वेळ बघितली. दुसरी. मग वहिनीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ही मुलगी चांगली काढलीय," म्हणाला.

त्याने चौथी चौकट मोठी केली, सहीची. आणि हसायला लागला, खोकत खोकत, जुन्या दादासारखा.

"पेन चाललंच नाही ना! मग झटकलं याने. सगळी शाई तिच्या बाहीवर. नवा कोरा स्वेटर!"

मी खुर्चीत सरळ झालो. शाई मी काढली नव्हती. वहिनीने सांगितली नव्हती, मी विसरूनच गेलो होतो. कुठल्याही चौकटीत ती नव्हती.

"आणि वर तोंड करून सांगतो, चुकून उडाली," दादा म्हणाला. "मी बघितलं होतं ना. मुद्दाम उडवली. पण मी बोललो नाही हो, म्हटलं, आजच्या दिवशी त्याला कशाला मार बसू द्यायचा. लबाड बदक."

वहिनीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं तिला ती शाई पेनच्या दोषानेच उडाली असं वाटत होतं.

मी दादाकडे बघत राहिलो. तो चौकट अजून मोठी करत होता. आधी बदकाची चोच, मग पेन, मग नुसता काळा ठिपका, असं करत त्याने पूर्ण पडदा काळा केला आणि म्हणाला, "हा गेला कुठे आता?"