मालकीण पाणी पीत नाही

टाकी

पाणी इथून निघतं. गोठ्याच्या छपरावर सिमेंटची टाकी, तिच्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड. ताई शिडी लावून स्वतः वर चढली, बोट बुडवून चाखलं. पाणी गोड आहे. म्हणजे घोळ खाली आहे.

पिंप

गोठ्याच्या दाराशी, निळं. आत पाण्यात विरघळवलेलं मॅग्नेशियमचं मीठ, चवीला कडू.

गेल्या वर्षी कुरणात कोवळं गवत तरारलं, गायी हरखून चरल्या, आणि त्यातल्या दोन चरता चरताच आडव्या झाल्या. ताठ मान, झाडलेले पाय, तोंडाला फेस. जनावरांच्या डॉक्टरीणबाई सुई घेऊन पोचेपर्यंत खेळ संपला होता. "कोवळ्या गवतात मॅग्नेशियम पुरेसं नसतं," त्या म्हणाल्या. "गवत जून होईपर्यंत ते रोज पोटात गेलं पाहिजे. एकदा देऊन साठा होत नाही."

यंदा गवत पुन्हा कोवळं आहे. ताईने आधी मॅग्नेशियमची भुकटी पेंडीत कालवली. गायींनी पेंड चाटून खाल्ली आणि भुकटी गव्हाणीच्या तळाशी जशीच्या तशी ठेवली, पोरं भाजीतली मिरची ताटाच्या कडेला लावतात तशी.

"मग पाण्यातून," ताई म्हणाली. "पाण्यातून काय वेचून काढतील?"

"ताई, तू गायींना ओळखत नाहीस," धाकटा भाऊ म्हणाला.

"आणि तू मला ओळखत नाहीस."

पंप

नळीवर बसवलेला, बाटलीएवढा. वीज लागत नाही. नळीतून पाणी वाहिलं की त्याच्याच जोरावर तो पिंपातला घोट ओढून पाण्यात सोडतो. वर एक चकती आहे; ती फिरवून घोट लहानमोठा करायचा.

धाकट्याने खोक्यातला कागद वाचला. "सुरुवातीला कमी ठेवा म्हणतायत. चव अंगवळणी पडू द्या."

ताईच्या डोळ्यांसमोर ते झाडलेले पाय. तिने चकती थेट शेवटाला नेली. "गवत थांबणार आहे का आपल्यासाठी?"

नळी

नळीत काही घडत नाही. पाणी जातं.

हौद

कुरणाच्या कुंपणाशी. भरला की तरंगता गोळा पाणी बंद करतो, पाणी उतरलं की पुन्हा सुरू. म्हणजे गायी प्यायल्या नाहीत तर पंपही गप्प आणि पिंपही भरलेलं.

सगळ्यांत पुढे मालकीण. काळी, अर्धं तोंड पांढरं, कळपातली सगळ्यांत थोराड गाय. हे नाव आप्पांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी ठेवलं. आई मेलेलं ते वासरू त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, आणि तेव्हापासून घरात कुणाचं चालतं याबद्दल वाद उरला नव्हता.

मालकिणीने हौदात तोंड घातलं. काढलं. वरचा ओठ मुडपून आभाळाकडे पाहिलं आणि हौदासमोर आडवी उभी राहिली. बाकीच्या तिच्या मागे अडल्या, सासूने ताट सरकवल्यावर सुनांनी हात आखडावा तशा.

"झालं," धाकटा म्हणाला. "संप."

"तहान लागली की पितील."

तोंड

इथे पाणी तोंडात जायला हवं होतं.

ताईने कुरणातली डबकी मातीने बुजवली. ओढ्याच्या काठाला जाळी मारली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुसरं पाणी दिसलं तर कडूला कोण विचारतंय. दुसरं पाणी कुठेच राहिलं नाही. मालकीण चरायला लांब गेली की बाकीच्या चोरून चार घोट घेत. पिंपातली पातळी बोटभर उतरली. मालकीण स्वतः हौदाकडे ढुंकूनही बघेना.

मग तिच्या पापण्या फडफडायला लागल्या. माशी नसताना खांद्याची कातडी थरथरायची. फाटक वाजलं की ती दचकून बाजूला उडी मारायची, आणि हे फाटक ती जन्मापासून ऐकत आली होती. गेल्या वर्षीच्या दोघींचं अगदी असंच सुरू झालं होतं.

संध्याकाळी ताई मालकिणीच्या धारेला बसली. कासंडी नेहमीसारखी काठोकाठ भरली, वर फेस. ताईचे हात थांबले.

पाणी न पिणारी गाय एवढं दूध कुठून देईल?

बादली

टाकी, पिंप, पंप, नळी, हौद. या वाटेत बादली कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गोठ्यामागे जाऊन उभी राहिली. आप्पा घरातून आले, पाय फरफटत, दोन्ही हातांनी बादली धरून, अर्धं पाणी स्वतःच्या धोतरावर सांडत. मालकीण कुंपणाशी हजर होती. तिने मान घातली आणि एका दमात बादलीचा तळ गाठला.

"आप्पा."

ते दचकले. मालकीणही दचकली.

"तिने तोंड फिरवलं गं," आप्पा म्हणाले. "माझ्याकडे बघून हंबरली. मी काय करू? तहानेनं मारू तिला?"

"दिवसातनं किती वेळा?"

"ती हाक मारेल तेवढ्या वेळा."

"तिच्या पापण्या बघा. खांदा बघा."

आप्पांनी पाहिलं. त्यांनी आधीही पाहिलं असणार, कारण ते लगेच म्हणाले, "ते त्या कडू पाण्यानं झालंय."

"ती प्यायलीच नाही तर कडू पाण्यानं कसं होईल?"

आप्पा चिडून, "विष कालवतेस आणि वर मलाच शिकवतेस!"

"तुमची गोळी कडू असते, म्हणून मी तिच्याऐवजी साखर देते का तुम्हाला?"

"दिलीस तर घेईन."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "आप्पा, ती आडवी पडली तर तुमच्या बादलीमुळे पडेल."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे जरा जास्त झालं. पण तिने शब्द मागे घेतला नाही. आप्पांनी बादली खाली ठेवली. किती तरी वेळ ते तिच्या कडीशी चाळा करत राहिले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "मी चाखलं ते पाणी. अर्धा दिवस तोंडातनं चव जाईना. असलं पाणी तूसुद्धा पिणार नाहीस, तूसुद्धा. तिला ते थोडं थोडं करून का नाही दिलंस?"

पुन्हा पंप

ताईने चकती मागे फिरवली, जवळजवळ सुरुवातीपर्यंत. धाकटा शेजारी खोक्यातला कागद घेऊन उभा होता.

"बोल एकदाचं."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

"हौदातलं जुनं पाणी उपसतो," तो म्हणाला आणि पाइप आणायला गेला.

सुई

ही वाटेतली नाही, पण लागली. डॉक्टरीणबाईंनी मालकिणीच्या मानेची कातडी चिमटीत धरून खाली औषध सोडलं. "यावर आजचा दिवस निघेल, फार तर उद्याचा," त्या म्हणाल्या. "रोज येऊन टोचत बसणं काही खरं नाही. तिला पाणी प्यायला लावा. बाकीच्यांच्या हातीही फार वेळ नाही."

हौद

ताजा भरलेला. कडवटपणा आहे, पण जिभेला शोधावा लागेल इतकाच.

मालकीण आली ती हौदाकडे नाही, आप्पांकडे. आप्पा हौदाच्या पलीकडे उभे. तिने त्यांचे हात हुंगले. हात रिकामे. तिने त्यांच्या पोटाला नाकाने ढुशी दिली, मागे पाहिलं, आणि हंबरली. मोठ्याने, लांबलचक, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"ऐकतेस ना?" आप्पा म्हणाले.

"ऐकतेय."

ती पुन्हा हंबरली. आप्पांचं एक पाऊल घराच्या दिशेने पडलंच.

"मला धर गं," ते हळूच म्हणाले. "नाहीतर मी पुन्हा बादली भरीन."

ताईने त्यांचं मनगट धरलं. हाड आणि कातडी, आतून नाडी उडतेय. मालकिणीने खुराने माती उकरली. आणखी एकदा ओरडली, या वेळी आवाज फाटला. आप्पांनी डोळे मिटले. धाकटा कुंपणापाशी नजर पायांकडे लावून उभा होता.

"बघतेय का?"

"बघतेय. तुमच्याकडेच बघतेय."

"मी काय करू?"

"काही करू नका."

मालकिणीने हौदात नाक बुडवलं. काढलं. ओठ मुडपला. थेंब गळत राहिले. ताईने मनगट आणखी घट्ट धरलं. मग काळी मान पुन्हा खाली गेली आणि या वेळी वर आली नाही. गळ्याखालून घोट सरकताना दिसायला लागले, एकामागून एक. हौदातलं पाणी उतरलं, नळीतून नवं यायला लागलं. मागच्या गायी धक्काबुक्की करत पुढे सरकल्या.

"प्यायली," आप्पा डोळे उघडून म्हणाले. "सोड आता. दुखतंय."

"अजून नाही," ताई म्हणाली. "तिचं होऊ दे."